तेव्हा पाहिलं असतं का?

"थांबा! अजून चढू नका—तो खोटं बोलतोय!"

एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती जागच्या जागी थबकली. दवाखान्यातल्या वजनकाट्यामागे एक उंच, किडकिडीत माणूस उकिडवा बसून काटा तपासत होता. शेजारी पेटीत पितळेची वजनं.

"दीड किलो जास्त दाखवतोय," त्यानं काट्याची चहाडी केली.

"कधीपासून?"

"महिना तरी झाला असेल."

"म्हणजे गेल्या महिन्यात मी घरी जाऊन रडले, ते फुकटच?"

त्यानं मान वर केली. डोळे आधी हसले, मग ओठ. "रडण्याची भरपाई आमच्याकडे होत नाही. फार तर… चहा पाजू शकतो."

"चहा नको." तिनं हातातली चप्पल खाली ठेवली. "पण—अर्धी वाटी सूप चालेल."

आपण असं बोललो याचंच तिला नवल वाटलं.

आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून तिचं पोट लहान केलं होतं. एकशे अठरा किलोंवरून ती अठ्ठ्याहत्तरवर आली होती. साखर आटोक्यात आली, जिना चढताना लागणारी धाप थांबली. "नशीब काढलंस!" जो तो म्हणायचा. पण जेवणाची सोबत सुटते, हे कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या मैत्रिणी बाहेर खायला निघाल्या की तिला आता विचारत नसत—"तू काय, चार घास खाणार!" वहिनी फोनवर म्हणायची, "आता किती उरलीस गं?" दिवसभर ती एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवायची, लोकांच्या घासांची सोय करायची, आणि संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून एक वाटी वीस मिनिटं चावत बसायची. डॉक्टरांचा हुकूमच होता, सावकाश.

आणखी एक गोष्ट तिला छळायची. पूर्वी जे पुरुष तिच्या तोंडावर दार सोडून द्यायचे, ते आता दार धरून उभे राहायचे. हसायचे. तिला त्या हसण्याची भीतीच वाटायची.

काटेवाला मात्र वेगळा निघाला. दर बुधवारी दुपारी तो तिच्या प्रयोगशाळेजवळच्या बागेत डबा घेऊन यायचा. "बस, एवढंच?" असं त्यानं एकदाही विचारलं नाही. उजव्या कानानं त्याला कमी ऐकू यायचं. तिचं बोलणं ऐकायला तो झुकायचा… आणि ती आवाज आणखी खाली आणायची.

"मुद्दाम हळू बोलता ना?" एकदा त्यानं विचारलं.

"आणि तुम्ही मुद्दाम तोच कान माझ्याकडे करून बसता!"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

सहाव्या बुधवारी तिनं धीर केला. फोनवरचा जुना फोटो त्याच्यासमोर धरला. "ही मी. खरं सांगा—तेव्हा पाहिलं असतं माझ्याकडे?"

त्यानं झुकून फोटो पाहिला. "खोटं बोलवत नाही," तो म्हणाला. "बहुतेक… नसतं."

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि ती उठून निघून गेली. त्याच्या हाकेला तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढचे तीन आठवडे तिनं त्याचे फोन घेतले नाहीत. कुणासाठी बारीक व्हायचं आणि कुणासाठी जगायचं, या विचारात जेवण टळू लागलं, गोळ्या राहू लागल्या. एका सकाळी मेणात दात बसवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खुर्चीवरून कोसळली.

"ऑपरेशन कुणासाठी केलं होतंस?" सलाईन लावताना डॉक्टरबाई कडाडल्या.

"धाप लागायची म्हणून," ती पुटपुटली. "माझ्यासाठीच."

"मग स्वतःला उपाशी मारण्याचा हक्क तुला कुणी दिला?"

त्या दुपारी पलंगावर पडल्यापडल्या तिनं तो फोटो पुन्हा उघडला. कुणा नातेवाइकाच्या लग्नातला. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते आणि ती एकटी, जमिनीकडे. त्या दिवसांत तिनं कुणाच्या डोळ्यांत पाहिलं होतं? कुणाच्याच नाही. समोरच्याच्या नजरेत काय दिसेल, या धास्तीनं मान कायम खाली. तिला त्या मुलीचा पहिल्यांदाच कळवळा आला. किती एकटी होती ती… आणि कुणीच, अगदी आपणही, तिच्या बाजूला बसलं नाही.

तिनं फोन लावला.

"मीही तुमच्याकडे पाहिलं नसतं," ती एका दमात म्हणाली. "मी कुणाकडेच बघत नव्हते. आणि… बाकी सगळे माझ्याशी गोड बोलतात हो. खरं तुम्ही एकट्यानंच सांगितलंत."

पलीकडून दबका आवाज आला, "मी तीन आठवडे स्वतःला शिव्या घालतोय. त्या मुलीला भेटलो असतो, तर माझाच फायदा झाला असता. कुठे आहात?"

तिनं सांगितलं. अर्ध्या तासात तो दारात हजर! हातातली वजनांची पेटीसुद्धा ठेवायला विसरला होता. परिचारिकेनं नुकतीच सुपाची वाटी आणून ठेवली होती. त्यानं खुर्ची ओढली, बसला, तिच्या हातात चमचा दिला.

"निवेल," ती म्हणाली. "मला वीस मिनिटं लागतात, माहितीये ना? कंटाळशील."

'कंटाळशील' ऐकून त्याचा चेहरा उजळला. तिच्याही लक्षात आलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

"सावकाश जेव," तो म्हणाला. "मला कुठेही जायचं नाहीये."