हवेचा विरोध नगण्य

रंगाचा डबा मामाच्याच हातून पडला असं एकदा ठरलं, की कंत्राटदाराचं चांगलंच फावणार होतं. सेक्रेटरींच्या चेपलेल्या स्कूटरची भरपाई मामाच्या मजुरीतून वळती, ठपका मामावर, आणि उद्यापासून मामाच्या जागी स्वतःचा मेहुणा. एका डब्यात तीन पक्षी! मामाच्या वाट्याला उरणार होती ती फक्त खाली घातलेली मान.

आणि ती घालून मामा उभाही होता. इमारतीच्या अंगणात, पिवळ्याधमक थारोळ्याच्या काठावर.

"थोडक्यात वाचलो हो!" पहारेकरी पुन्हा पुन्हा सांगत होता. "हातभर अलीकडे पडता, तर स्कूटरच्या जागी मी असतो!"

"अहो, माझा डबा अजून परांचीला टांगलेला आहे," तिसऱ्या मजल्याजवळच्या बांबूंकडे बोट दाखवत मामा म्हणाला.

"मग दुसरा नेला असशील!" कंत्राटदार खेकसला. "वर तुझ्याशिवाय होतं कोण?"

"मी नाही बुवा... की लागला कशाला धक्का?" मामाने आपल्याच हातांकडे पाहिलं.

पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बघणारी भोपळा आणखी बाहेर वाकली. मामाच स्वतःवर संशय घ्यायला लागला, म्हणजे संपलंच!

भोपळा ही मामाची भाची, सुट्टीला आलेली. सहामाहीला पदार्थविज्ञानात भोपळा मिळाला, तेव्हा वर्गानेच तिचं बारसं करून टाकलं होतं. शिक्षा म्हणून दहा गणितंही तिच्याबरोबर सुट्टीला आली होती. कुठे मनोऱ्यावरून दगड पडतोय, कुठे गच्चीवरून चेंडू. आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच पालुपद: 'हवेचा विरोध नगण्य माना.'

तिच्या शेजारी मामाचा मुलगा होता. भोपळा जाईल तिथे तो मागे, म्हणून तो शेपूट. आणि खिडकी ज्या मुलीच्या घराची होती, ती 'जेवलीस का?' विचारलं तरी उलटतपासणी घ्यायची. ती वकील.

"काहीतरी गडबड आहे," वकील कुजबुजली. "सगळे स्कूटरभोवती, आणि कंत्राटदारकाका पार फाटकाजवळ. भांडायला एवढ्या लांब कुणी उभं राहतं का?"

"आणि सारखे वर बघतायत," भोपळा म्हणाली. "परांचीकडे नाही. तिच्याही वर!"

तिच्याही वर होती गच्ची. गच्चीला कुलूप, आणि किल्ली कंत्राटदाराच्या कमरेच्या जुडग्यात.

भोपळ्याने गच्चीपासून सरळ खाली नजर आणली. डबा तिथून पडला असेल, तर तिथे आणखी डबे असतील. आणि खाली, बरोब्बर त्याच जागी, मामा उभा होता!

"ताई," शेपूट रडवेला होऊन म्हणाला, "मी फोनवर मांजरीची उडी काढत होतो ना, संथ करून? त्यात डबा आलाय. पण सोडला कुणी, ते नाही दिसत."

"दाखव! कुणी सोडला, हे गणितात कधी विचारतात का? कुठून सोडला, ते विचारतात!"

फोन एका सेकंदात दोनशे चाळीस चित्रं काढत होता. मांजरीच्या मागे याच खिडकीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत यायला डब्याला चोवीस चित्रं लागली होती. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग! वकिलाने टेप लावली. खिडकी दीड मीटर.

"म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर," भोपळा पुटपुटली. "सुरुवातीचा वेग भोपळा... पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, भागिले गुरुत्वाकर्षणाचे दहा... साडेबावीस मीटर!"

"एवढी उंच इमारतच नाहीये!" वकील म्हणाली. "कावळ्याने आणला होता का?"

भोपळ्याचे कान तापले. सहामाहीतही हेच झालं होतं. खाली मामा रुमालाने मान पुसत होता. 'थांब, घाई नको,' तिने स्वतःला बजावलं. आणि सापडलं! "दोनाने गुणायचं राहिलं! दहाने नाही, विसाने भागायचं! सव्वाअकरा!"

खिडकीच्या मध्यापासून सव्वाअकरा मीटर वर. वकिलाने बोटांवर मजले मोजले आणि तिचं बोट थांबलं ते गच्चीच्या कठड्यावर!

"मामाच्या परांचीवरून पडला असता, तर चोवीसच्या जागी तेहेतीस चित्रं लागली असती. चल!"

"नुसतं गणित कोण ऐकतंय?" वकील म्हणाली. "हवेचा विरोध नगण्य असेल, काकांचा नाही! पण त्यांना वाद घालू दे. किल्ली काढून घेणं माझ्याकडे लागलं."

तिघं धडाधडा जिना उतरली. भोपळ्याने एका दमात सगळं सांगितलं.

"अगं, डबा भरलेला होता!" कंत्राटदार हसला. "जड वस्तू जोरातच येणार! मग कुठूनही पडो."

दोन-चार माना डोलल्या. सेक्रेटरींचीही.

"मग करून बघू या की!" वकील म्हणाली. "फाटकाजवळ वाळूचा ढीग आहे. सगळे तिकडे चला बरं!"

मंडळी भिंतीपासून हलली आणि भोपळ्याने कितीतरी वेळाने श्वास सोडला. मामाने तिथल्या ओट्यावर चढून वाळूशेजारचा एक भरलेला डबा धरला.

"आता हलकं काहीतरी द्या, काका," वकील म्हणाली. "तुमचंच हवं, नाहीतर म्हणाल पोरांनी लबाडी केली."

"हे घे!" म्हणत कंत्राटदाराने ऐटीत जुडगा काढून दिला. मामाने एका हातात डबा, दुसऱ्या हातात जुडगा एकाच उंचीवर धरला आणि दोन्ही एकदम सोडले.

धप्प!

एकच आवाज. दोन्ही वाळूत एकदम रुतले. पण उचलला गेला तो फक्त जुडगा, आणि तो घेऊन वकील जिन्यात दिसेनाशीही झाली!

"ए पोरी! थांब!" कंत्राटदार ओरडला.

"का हो?" सेक्रेटरींनी भुवया चढवल्या. "गच्चीवर असं काय आहे?" आणि तेही जिन्याकडे निघाले.

कठड्यावर पिवळ्या रंगाचे पाच डबे ओळीने मांडले होते. खेपा वाचाव्यात म्हणून ही कंत्राटदाराची सोय. सहाव्याच्या जागी नुसतंच पिवळं वर्तुळ. आणि पाचवा अर्धा कठड्याबाहेर, वाऱ्यावर डुगडुगत! सेक्रेटरींनी तो दोन्ही हातांनी आत ओढला आणि मग वाकून खाली पाहिलं.

"आपण सगळे खाली उभे होतो," ते नंतर अंगणात म्हणाले. "पोरी, शाबास! नाव काय गं तुझं?"

"भोपळा!" शेपटाने अभिमानाने सांगून टाकलं.

मामा किती दिवसांनी इतका मोठ्याने हसला!

हिशेब त्याच संध्याकाळी चुकता झाला. स्कूटरची भरपाई कंत्राटदाराने दिली, आणि मामाच्या जागेवर डोळा ठेवून असलेल्या मेहुण्याने पाचही डबे डोक्यावरून खाली आणले. सेक्रेटरींनी चारचौघांत मामाची माफी मागितली. ती त्यांना स्कूटरपेक्षा महाग पडली. पहारेकऱ्याची एका रात्रीची झोप गेली. भोपळ्याने डब्याचं गणित दहांत मोजून टाकलं. उरलेल्या नऊंत खाली कुणाचा मामा उभा नव्हता, म्हणून ती फार जड गेली. आणि ती सोडवून भरपाई तिची तिलाच करावी लागली.