दुसऱ्याच्या तोंडी दिलेला निरोप

मयताचा निरोप न्यायचा म्हणजे बिनपगारी काम, वर कुणी आभारही मानत नाही. वाटेत टेकायचं नाही, पाणी प्यायचं नाही, चहा विचारला तरी घ्यायचा नाही. आणि निरोप ज्याचा त्याला आपल्याच तोंडानं सांगायचा, दुसऱ्याच्या हवाली करायचा नाही. अंगदला हे सगळं पाठ होतं. पण दोन रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर काढल्यावर अंग कुठलं ऐकतंय!

शेजारचे सहादूतात्या पहाटे गेले. घराला घर लागून, म्हणून सगळं अंगदच्याच गळ्यात पडलं. जबडा त्यानंच फडक्यानं बांधला. पायाचे अंगठे जुळवून बांधायला दोरा सापडेना, तेव्हा आपल्या टॉवेलची हिरवी किनार फाडून त्यानं ते बांधले. बाकीच्या पाहुण्यांना मोबाईलवर कळलं. राहिली एकुलती एक बहीण, चांगुणाआत्या. तिच्याकडचा फोन सकाळपासून बंद. भावाचं तोंड तिनं पाहिल्याशिवाय उचलायचं नाही असं ठरलं, पण मे महिन्यात मयत ठेवणार तरी किती? "दोनच्या आत तिला घेऊन ये," असं तात्यांच्या मुलानं, सचिननं, बजावलं. गाड्या सगळ्या कुठं कुठं पांगलेल्या. अंगदनं तात्यांचीच सायकल बाहेर काढली.

आत्याच्या गावाला देवळालीच्या अंगानं जाणाऱ्या रस्त्याचं काम चाललेलं, वळसा घालून सोळा किलोमीटर. रुळाच्या कडेनं गँगमनची पायवाट धरली तर सहा. तात्याही दर दिवाळीला बहिणीला ह्याच वाटेनं, ह्याच कॅरिअरवर बसवून माहेरी आणायचे. एका अंगाला खडी आणि रूळ, दुसऱ्या अंगाला भरून वाहणारा पाट, मधे हातभर वाट. समोरून कुणी आलं तर एकाला उतरावंच लागतं.

ऊन मी म्हणत होतं. तापल्या खडीचा वास नाकात बसला होता. अर्ध्या वाटेवर एक बाभळ लागते, तिथं चेन पडली. अंगद उकिडवा बसला, आणि बसला तो बसलाच. "मरू दे," म्हणाला. कुणाला, ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

डोळे मिटायला लागले तेव्हा मागून खडीवर पावलं वाजली. जवळजवळ टाकलेली, ओढत येणारी. त्याच्या बाजूला येऊन थांबली. उदबत्तीचा वास आला, तो आपल्याच कपड्यांचा असणार असं त्याला वाटलं. उन्हानं मान वर करवेना.

"कुणीकडं...?" माणूस दात न उघडता बोलत होता, दाढ सुजल्यासारखा.

"निरोप हाय... चांगुणाआत्याला. भाऊ गेला तिचा."

"मी तिकडंच चाललोय... सांगतो. तू लई दमलायस... नीज."

खरं सांगायचं तर अंगदला बरं वाटलं. इतकं बरं, की लाज वाटायच्या आत झोप लागली.

मालगाडी धडधडत गेली तेव्हा तो दचकून उठला. तास उलटून गेला होता. कोण कुठला माणूस, नाव नाही विचारलं, तोंड नाही पाहिलं, आणि आपण निरोप देऊन मोकळे! त्याला स्वतःचीच किळस आली. चेन चढवून त्यानं सायकल दामटली. आत्याच्या दारापर्यंत वाटेत चिटपाखरू भेटलं नाही.

आत्याची नात पंकजा दारात कुलूप घेऊन उभी होती. डोळे सुजलेले.

"आजी कुठंय?"

"गेली की, मामा. ते निरोप घेऊन आलेले, त्यांच्यासंगं. मी घर लावून मागनं निघालेच हाय."

"कधी गेली?"

"आत्ताच. पाच मिनिटं बी झाली न्हाईत. रुळाकडनंच गेली... तुमाला भेटली असंल की."

"कोण हुता माणूस?"

"मी न्हाई वळखलं, तोंड खाली घातलेलं. डोक्यावरनं हनुवटीखाली फडकं बांधलेलं. आजीनं वळखलं. चप्पल बी घातली न्हाई. हात धरला न् निघाली." पंकजानं डोळे पुसले. "ते बी अनवानीच हुते. अंगठ्याला कायतरी हिरवं बांधलेलं... चालताना मागं फरफटत हुतं."

अंगदनं खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. फाटक्या कडेचे दोरे लोंबत होते. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. सचिन.

"अंगददा, कुठवर आला? आत्या हाय ना संगं? आता न्हाई थांबता येनार..." तो अडखळला. "आमी अंघोळ घातली तात्याला. पाय दोनदा धुतले... तळव्यात रुतलेली खडी निघंना."

दारातून रूळ दिसत होता. सिग्नलपर्यंत सरळ, आणि त्याच्या कडेनं पायवाट. तिच्यावर कुणीही नव्हतं.

पंकजा जवळ आली.

"मामा, इचारा ना त्यांना... आजी पोचंस्तवर थांबतील का?"