तराजूचं दुसरं पारडं

जेवणं झाली, दिवे मालवले, तशी पोरं काकांना चिकटून बसली.

"गोष्ट खरीच सांगा हं," धाकटी पुतणी म्हणाली.

"खरीच. माझ्या मित्राच्या बायकोवर गुदरलेली. तिच्याच तोंडून ऐकलीय. मध्ये कुणी खोकायचं नाही," काका म्हणाले, आणि सांगायला लागले...

मित्र जागांचा दलाल. दुकानं, गोदामं, बंद पडलेले पेट्रोलपंप विकायचा. मुलूख असा विरळ, की एका घरातला दिवा दुसऱ्या घराला दिसायचा नाही. तिथे गिऱ्हाईक मिळणं म्हणजे नशीबच. त्याची एक रीत होती. गिऱ्हाईक यायच्या आदल्या रात्री तो स्वतः त्या जागेत मुक्काम ठोकायचा. खिडक्या उघडायच्या, स्टोव्ह पेटवायचा, चहा उकळायचा. जागेचा कोंदट वास मोडला की गिऱ्हाईक हो म्हणतं, असं त्याचं म्हणणं.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार होता. रस्त्याकडेचं एक किराणा दुकान, मागे राहायची खोली. या खेपेला त्यानं बायकोलाही नेलं, तान्ह्या मुलीसकट.

"घरात माणसांचा आवाज पाहिजे," तो म्हणाला.

"रेडिओ मिळाला नाही वाटतं," ती म्हणाली. पण गेली.

तिच्या जिवाला एकच घोर होता. मुलगी बाळसं धरत नव्हती. दवाखाना लांब. महिन्यातून एकदा वजन व्हायचं, आणि दर वेळी नर्स ओठ मुडपायची.

दुकानात छताला भला मोठा तराजू टांगलेला होता. पितळी पारडी, खाली ओळीनं वजनं.

"हा काढायचा नाही म्हणून मालकानं बजावलंय," नवरा म्हणाला. "त्याची बायको म्हणे तान्ह्या मुलाला यातच तोलायची. दवाखाना कुठे होता तेव्हा!"

"मग? भरला का तो?"

नवरा स्टोव्हला पंप मारत राहिला.

संध्याकाळी तो पाणी आणायला गेला, आणि तिला राहवेना. दुपटं अंथरून तिनं मुलीला एका पारड्यात ठेवलं. दुसऱ्यात गेल्या महिन्याच्या वजनाइतकी वजनं टाकली.

मुलीचं पारडं वरच राहिलं.

"भर गं बाई थोडी," ती रडवेली होऊन म्हणाली. "कसंही कर, पण भर." मग मुलीला पोटाशी घेतलं, वजनं उतरवून होती तशी रचून ठेवली. नवऱ्याला काही बोलली नाही.

रात्री तिला जाग आली. नवरा घोरत होता. दोघांच्या मधली जागा चाचपली.

थंड.

बाहेर दुकानात साखळ्या कुरकुरत होत्या. कर्र... कर्र...

ती उठली. दाराशी पोचली.

मुलगी पारड्यात होती. जागी. समोरच्या पारड्याकडे बघून हसत होती.

समोरचं पारडं रिकामं होतं.

आणि दोन्ही पारडी... एका रेषेत.

तिनं झडप घालून मुलीला उचललं. तसं ते रिकामं पारडं धाडकन खाली गेलं.

थांबलं.

मग, कुणी उतरावं तसं, सावकाश वर आलं.

तिनं नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं. पहाटेचीही वाट न बघता तिघं गाडीत बसून निघाले. 'विकणे आहे'ची पाटी मागे पडली. आजही आहे ती तिथे.

"तिघंच?" पुतणीनं हळूच विचारलं.

काका पुढे सांगू लागले.

...सोमवारी आई मुलीला घेऊन दवाखान्यात गेली. नर्सनं मुलीला वजनकाट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, आणि पहिल्यांदाच हसली.

"भरली की हो पोर!" मग तिचं कपाळ आक्रसलं. "छे, हे जास्तच दाखवतंय. ताई, काट्यावरचा हात काढा बघू."

आई हलली नाही.

"काढा की हात," नर्स वर न बघता पुन्हा म्हणाली.

आईचे दोन्ही हात... तिच्या स्वतःच्या तोंडावर होते.