समक्ष तपासणी

सतरा वर्षं मी डिझेल इंजिनं उघडतोय. इंजिन तेल जास्त प्यायला लागलं की एकतर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, नाहीतर कुठून तरी गळती असते. दोन्ही नसेल तर मालक थापा मारत असतो. हे तिसरं कारण आम्हा सर्व्हिसवाल्यांना फार सोयीचं, कारण त्याला पाना लागत नाही.

१९७३ सालच्या ऑक्टोबरच्या तीस तारखेला मी भोरहून मोटारसायकलवर पासलीला निघालो. निघताना गाडीचं ऑइल नवं घातलं. दुसऱ्यांच्या इंजिनांना नावं ठेवणाऱ्याचं स्वतःचं इंजिन ठणठणीत असावं, एवढी लाज मी राखून होतो.

पासलीच्या चिमाजीची भातगिरणी होती. आमच्या कंपनीचं इंजिन, वर्षाची वॉरंटी, आणि ती उद्या संपत होती. इंजिन तेल फार पितं म्हणून त्याचा हा दुसरा अर्ज. पहिला जुलैत आला होता. तेव्हा वेल्ह्यापुढच्या ओढ्याला पाणी होतं. मी वेल्ह्यात चहा प्यालो, माघारी फिरलो आणि भोरच्या टेबलावर रिपोर्ट लिहिला. 'समक्ष तपासणी केली. मालक तेलाकडे लक्ष देत नाही. तक्रार नामंजूर.' खाली सही ठोकली. असे रिपोर्ट सगळेच लिहायचे. मी काही जगावेगळं केलं नव्हतं.

गिरणी गावाच्या टोकाला होती, घराला लागूनच. दार बंद. खाचरात भात पिवळं पडलेलं, आठ दिवसांत कापणीला येईल असं. बायामाणसं भरडायला येण्याचे दिवस तोंडावर आले असताना गिरणी बंद का, या विचारात होतो. तेवढ्यात डोकं भादरलेला एक माणूस बाहेर आला. चिमाजीचा धाकटा भाऊ, ज्ञानू.

"दादा गेलं, सायेब," तो म्हणाला. "आज बारावा. हितंच गेलं, इंजनापाशी बसल्या बसल्या."

दारात चिमाजीची बायको उभी होती, अंबूबाई. तिने पदर सारखा केला.

"इंजन तेवढं बदलून द्या, सायेब. सुगीत गिरण बंद ऱ्हायली तर लोकं भात वेल्ह्याला न्हेतील. मंग परत कोन येतंय हितं?"

"बघतो," मी म्हणालो. "आधी मोजू."

आतल्या खोलीत अंधार होता. इंजिनामागे, जमिनीवर पीठ पसरून त्यावर एक पणती ठेवली होती. माणूस गेला त्या जागी तेरा दिवस दिवा तेवत ठेवतात, तो दिवा. ज्योत लहान होती, पण तिची काजळी भिंतीवर वाशापर्यंत चढली होती. खोलीला वास होता तो गोड्या तेलाचा नव्हता. गिरणीतच दिवा म्हटल्यावर इंजिनाचा वास यायचाच, असं मी मनाशी म्हणालो.

इंजिन बारा दिवस बंद होतं. तरी तेल मोजायची पट्टी काढली तर कोरडी.

"सुतकात हात लावत न्हाई आमी," ज्ञानू म्हणाला. "दादानं त्या दिशी सकाळीच भरलं व्हतं. म्या बगितलंय."

मी खाली हात घालून चाचपलं. तळाशी ओल नाही, जमिनीवर डाग नाही. पिशवीत माझ्याकडे तेलाचे दोन सीलबंद डबे होते. एक फोडला आणि नवं, मधासारखं तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं. तेल भरायच्या आणि सोडायच्या, दोन्ही तोंडांना तार ओवून शिशाची सीलं दाबली. त्यांवर माझ्या चिमट्याचा सतरा नंबर उमटला. सगळ्यांना बाहेर काढून दाराला माझं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि समोरच्या आंब्याखाली जाऊन बसलो. ऊन होतं. दार माझ्या डोळ्यांसमोर होतं.

दोन तासांनी उघडलं. सीलं शाबूत होती. ती तोडून पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

तेल दोन बोटं उतरलं होतं. बंद इंजिनातलं.

पट्टी पुसून तिसऱ्यांदा घालून पाहिली. खूण तीच.

"दिव्यात तेल कोण घालतं?" मी विचारलं. असं का विचारलं ते मलाही कळलं नाही.

"वैनी घालत्यात की," ज्ञानू म्हणाला.

अंबूबाईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. "मी? मी न्हाई. मला वाटलं, भावजी तुमी घालताय."

मी वाकलो. पणती काठोकाठ भरलेली होती. बोट बुडवून नाकाशी नेलं. मधाच्या रंगाचं, कोरं तेल. आत्ताच माझ्या डब्यातून ओतलेलं.

मी मागे सरलो तो इंजिनाच्या चाकावर आपटलो.

अंबूबाई रडली नाही. पणतीकडे बघतच हळू बोलली. "जुलैत कागद आला तवा मालकांनी त्यो मास्तरांकडनं दोनदा वाचून घेतला. सायेब समक्ष येऊन गेलं, असं हाय म्हनले. मालक म्हनायचे, मंग मला कसं दिसलं न्हाईत? मी कुठं गेलो व्हतो? कागद खोटं बोलंल असं त्यांच्या मनातच आलं न्हाई. तवापास्नं हितंच बसायचे. जेवायचे हितं, निजायचे हितं. म्हनायचे, सायेब पुन्यांदा आले आनि चुकामूक झाली तर?"

मला तिच्याकडे बघवेना. शरमेने कान तापले होते.

"सायेब, खरं सांगा. जुलैत तुमी आला व्हता ना?"

नोकरी, घर, दोन पोरी, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं.

"आलो होतो," मी म्हणालो.

पणतीची ज्योत एकदा वर उठली. वारा नव्हता.

बाहेर येऊन मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि घाईघाईने रिपोर्ट लिहिला. रिंगा सदोष. इंजिन बदलून द्यावे. खाली, 'जुलैतील समक्ष तपासणीतही हा दोष किंचित जाणवला होता.' म्हणजे बाईला इंजिन मिळेल आणि माझंही निभावेल. ज्ञानूने अंगठा उठवला. अंबूबाईने हात जोडले. मी निघालो.

वेल्ह्याच्या अलीकडे चढावर गाडी खाडकन थांबली. इंजिन जाम. किक हलेना.

ऑइलचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. बोट घातलं, ते कोरडं आलं. गाडीखाली पाहिलं, मागे शंभर पावलं रस्ता पाहिला. धुळीत एक थेंब नव्हता.

चार वाजले होते. खालच्या खाचरात माणसं बोलत होती, कुणीतरी बैलाला हाकारत होतं. सगळं रोजच्यासारखं होतं.

उद्या तेरावा. दिव्याला अजून एक दिवस तेल लागणार होतं.

मग आठवलं, पिशवीत दुसरा डबा आहे. बाहेर काढला. सील तसंच होतं, झाकण घट्ट होतं.

डबा हलका लागला.