वधूची हरकत

साखरेचं रेशन उठलं त्या वर्षी एमस टिडमार्शची आणि माझी ओळख झाली. करून दिली एका डुकरिणीने.

गिरणीकडच्या अरुंद वाटेवर ती आडवी पसरली होती, मी सायकल धरून उभी, आणि वरून बारीक पाऊस. कुंपणापलीकडून मोठ्या कानांचा एक उंच तरुण आला.

"तुमची का ही?" मी विचारलं.

"वडिलांची. माझं ऐकत नाही ती."

"मग उठणार कधी?"

"तिच्या मनात येईल तेव्हा... तोवर बसता का?" त्याने कुंपणाच्या पायरीवर आपला कोट पसरला.

कोट ओला होता, त्याला डुकरांचा वास येत होता, तरी मी बसले. डुकरीण उठून केव्हा गेली, दोघांनाही कळलं नाही.

मग दर शनिवारी तो आमच्या दारात हजर. कधी अंडी, कधी सलगम, एकदा तर फीत बांधलेला अख्खा कोबी! "हेस्टर, मी म्हणत होतो—" एवढं बोलून कानांपर्यंत लाल व्हायचा... आणि बटाट्यावरच्या किडीची माहिती द्यायला लागायचा.

माझा जीव त्याच्यावर जडला होता. पण बटाट्याच्या किडीला 'हो' कसं म्हणायचं? शेवटी वैतागून मी शहरातल्या इस्पितळात नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज केला. जागाही मिळाली.

"सोमवारी होकार कळवतेय," मी त्याला सांगून टाकलं. त्याने मान हलवली, सलगम ठेवला आणि गेला. तो सलगम मी इतका बारीक चिरला की आई नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये पाद्रीबाबांनी चष्मा पुसला. लग्न ठरलं की आमच्याकडे सलग तीन रविवार जोडप्याची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर त्याने तिथेच सांगायची.

"एमस टिडमार्श आणि हेस्टर विंटल... कुणाची हरकत?"

मी ताडकन उभी राहिले. "माझी आहे."

"तुझी? अगं, तू तर वधू!"

"मला कुणी विचारलेलंच नाही, पाद्रीबाबा."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे की."

"गावाला असेल."

सगळ्या माना एमसकडे वळल्या. तो टोपी पिळत उठला.

"मला वाटलं, आधी देवाला विचारावं. तो असा... रोखून बघत नाही."

"आणि मला कधी विचारणार होतास?"

"कालच. पण होतं नव्हतं ते धैर्य पाद्रीबाबांच्या दारातच संपलं. तुझ्या दारापर्यंत पुरलं नाही." त्याने टोपी छातीशी धरली. "तू गेलीस तर शनिवारी मी जाऊ कुठे, हेस्टर? करशील माझ्याशी लग्न?"

मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. शेजारून आई कुजबुजली, "लवकर बोल गं, मांस ओव्हनमध्ये आहे."

"करीन," मी म्हटलं.

पाद्रीबाबांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे हरकत मागे घेतलीस?"

"घेतली. पण नावं पुन्हा एकदा वाचा ना... मघाशी रागात होते, नीट ऐकताच आली नाहीत."