उजवा हात

तुम्हीच, सपाटीवरच्या शाळा-चर्चवाल्यांनी, आम्हा डोंगरातल्या बायकांच्या हातांवर बाह्या चढवल्यात. मनगटापर्यंत बटणं लावलेल्या बाह्या, भर उन्हाळ्यात, शेतात, चुलीपुढे. गोंदलेला हात दिसला की तुम्ही नाकं मुरडलीत, पोरींना वर्गाबाहेर उभं केलंत, रानटी म्हणालात. आणि आज तेच हात तुम्ही विमानतळाच्या भिंतीवर छापता आणि खाली लिहिता, ही आपली राष्ट्रीय ओळख. माझं तुमच्याशी भांडण आहे आणि ते मी मरेपर्यंत भांडणार आहे. पण त्या दिवशी मी भांडायला गेले नव्हते. लाम्मिन आत्याची शवपेटी घेऊन गावी गेले होते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मला तिनंच वाढवलं, बागिओ शहरातल्या कॉलेजात घातलं. तिथं मी इतिहास शिकले आणि आता शिकवते. गलबतांतून उतरलेल्या स्पॅनिश लोकांनी दक्षिणेकडच्या बेटांवरच्या आपल्या माणसांना गोंदणावरून 'रंगवलेले' हे नाव कसं दिलं, आम्हा डोंगरातल्यांचं गोंदण मात्र त्यांना कसं पुसता आलं नाही, हे मी वर्गात तावातावानं सांगते. आत्या हसायची. म्हणायची, "अग्नाय, इतकी ओरडू नकोस गं. मेलेली माणसं बहिरी नसतात."

तिचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेला होता. उजवा कोरा. लहानपणी डावा पुरा झाला. तो सुकेपर्यंत उजव्यानं थांबायचं होतं, तेवढ्यात तिला खालच्या गावात शाळेत घातलं. तिथल्या बाईंनी तो गोंदलेला हात भांड्याच्या घासणीनं घासला. पुढे बाह्या आल्या, मास्तरणीची नोकरी आली आणि उजवा हात राहूनच गेला. ती शाळेत असतानाच तिची आई बाळंतपणात गेली होती. ऐन तारुण्यात.

आमच्यात असं मानतात की पलीकडे गेलेली माणसं चेहरे विसरतात. त्यांना ओळख राहते ती फक्त गोंदणाची. म्हणून जिचं गोंदण राहून गेलं असेल, तिच्या अंगावर पुरण्याआधी काजळीनं नक्षी काढायची रीत होती.

"आई उजव्या डोळ्यानं आंधळी होती," आत्या दवाखान्यात मला म्हणाली. "समोर उभी राहिले की तिच्या चांगल्या डोळ्याला माझा उजवाच हात दिसणार. परकी समजून परत पाठवील मला. तू काढशील ना?"

मी हो म्हटलं. 

आमच्या गावापर्यंत रस्ता जात नाही. एल्पिदिओची जीप वरच्या वळणावर थांबली. एल्पिदिओ शेजारच्या खोऱ्यातला. पेटी उतरवून देईन, पण मढ्याच्या घरी यायचो नाही, बायको पोटुशी आहे, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. चार जणांनी पेटी खांद्यावर घेऊन भातखाचरांच्या बांधावरून खाली आणली. दुपार होती, पण धुकं इतकं उतरलं होतं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसायची.

घरात बानाताव काका वाट बघत होते. वडिलांचे चुलतभाऊ. चर्चमध्ये पोरांना धर्म शिकवतात.

"जेवणं उरकली की पेटी बंद करायची," ते म्हणाले. "पांढरा झगा घातलाय तिला, लांब बाह्यांचा. तसाच राहू दे. आयुष्यभर तसलाच घातला तिनं."

"घालायला लावला, काका."

"हे बघ, बागिओत काय भाषणं ठोकायची ती ठोक. तुझे स्वतःचे हात बघ आधी! कोरे, सोललेल्या अळकुड्यांसारखे!"

बायका खिदळल्या. मलाही क्षणभर हसू आलं. मी म्हटलं, "माझं मी बघीन. माझ्यापाशी वेळ आहे. आत्यापाशी नाही."

"काढू दे की रे, बानाताव," शेजारची उमाईंग म्हणाली. "काजळीच ती. नकोच असली तर देवाकडे साबण नसेल का?"

आता पुरुषही हसले. काकांचा चेहरा पडला. "जेवणं होईपर्यंत," ते म्हणाले. "मग बाही खाली. कोणाला दिसता कामा नये."

सगळे बाहेर मांडवात गेले. डुकराचं मटण शिजत होतं, भाताची पातेली उतरत होती. उमाईंगनं मला काजळीची वाटी आणि गवताची एक ताठ काडी आणून दिली आणि तीही गेली. मी दार लोटून घेतलं.

आत्या पेटीत होती आणि पेटी दोन बाकांवर. मी तिची उजवी बाही खांद्यापर्यंत सरकवली. हात जड होता, ओल्या लाकडासारखा गार. मग डावीही बाही वर केली आणि त्या हातावरचं बघून काढायला लागले. मनगटाभोवती गोम. तिच्यावर नेच्याच्या पानांची ओळ. मग सापाच्या खवल्यांचे पट्टे. काडी बुडवायची, रेघ ओढायची.

थोड्या वेळानं आवाज ऐकू यायला लागला. टिक्, टिक्, टिक्. पत्र्यावर साचलेलं धुकं ठिबकत असेल असं मला वाटलं. तसं ते ठिबकतंही. पण काडी बुडवायला मी हात उचलला की आवाज थांबायचा. परत टेकवली की सुरू.

मी मुद्दाम हात वर धरून थांबले. शांतता. बाहेर कोणीतरी मीठ मागत होतं.

काडी टेकवली.

टिक्, टिक्, टिक्.

हा आवाज कसला ते आमच्याकडे कोणालाही कळेल. पपनसाचा काटा बांबूच्या काडीला अडकवतात, कातडीवर टेकवतात आणि दुसऱ्या काडीनं त्याच्यावर ठोके देतात. तो आवाज. पाठोपाठ वासही आला, पपनसाचं पान चुरगळल्यासारखा, कडसर. आमच्या घराजवळ पपनसाचं झाड नाही.

मी शिकलेली बाई आहे. म्हटलं, तीन रात्री झोप नाही, कानच वाजत असतील. आणि काम चालू ठेवलं, कारण बाहेर ताटं वाढली जात होती. कोपरापाशी आले तेव्हा काजळी संपत आली. पाणी घालायला मी वाटी घेऊन वळले, बोटानं कालवली आणि परत फिरले.

नक्षी कोपराच्या वर गेली होती.

मी तिथं काहीच काढलं नव्हतं. तरी खवल्यांचा पुढचा पट्टा पुरा झाला होता, आणि त्याच्यापुढे एक ओळ सुरू झाली होती. ती डाव्या हातावर नव्हती, मी कुठल्याच हातावर पाहिलेली नव्हती. काडी टेकवलेली नव्हती, तरी टिक् ऐकू यायचं आणि ठिपका उमटायचा. मग त्याच्या शेजारी दुसरा. मेलेल्या कातडीवर ठिपक्यांच्या कडा लाल होऊन फुगत होत्या. खालच्या भागावर, जिथं मी नुसती काजळी ओढली होती, तिथं बारीक थेंब आले होते. मी अंगठ्यानं एक पुसला. काजळी निघाली नाही. अंगठ्याला रक्त लागलं.

"आत्या..." मी म्हटलं. "दुखतंय का...?"

 ठोके थांबले. थांबूनच राहिले. कशाची तरी वाट बघत असल्यासारखे.

मग माझ्या लक्षात आलं. गोंदताना कातडी ताणून धरायला एक माणूस लागतं, बहुतेक घरातलंच. आत्याचा डावा हात तिच्या आईनं धरला होता. मी वाटी खाली ठेवली, दोन्ही हातांनी तिचा दंड पकडला आणि कातडी ताणून धरली.

टिक्, टिक्, टिक्.

मला पळता आलं असतं. दार चार पावलांवर होतं. पण तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि अर्धा हात घेऊन ती कुठं जाणार? मी डोळे मिटून घेतले. माझ्या बोटांखाली तो दंड हळूहळू ऊबदार होत होता. बाहेर बायका ताटं विसळायला लागल्या तेव्हा ठोके बंद झाले, ऊब गेली, आणि बानाताव काका दार ढकलून आत आले.

त्यांनी तो हात बघितला. मग खिशातून रुमाल काढला, पाण्यात भिजवला आणि मनगटावर घासला. आधी हलके, मग जोरानं. रुमाल लाल झाला. गोम तशीच राहिली.

"हे तू केलंस?"

"मी फक्त काजळी लावली, काका."

"काटा कुठं आहे? कुठं लपवलास...?"

मी हात पुढे केले. अंगठ्यावरच्या त्या डागाखेरीज त्यांच्यावर काही नव्हतं. काका घाबरलेत हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं. त्यांनी स्वतःच आत्याची बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं. पांढऱ्या कापडावर आतून ठिपके उमटायला लागले, तेव्हा त्यांनी झाकण सरकवलं आणि बाहेर हाक मारली, "चला रे, उचला!" प्रार्थना त्यांनी थडग्यापाशी म्हटली. त्यांच्या विद्यार्थ्यांना पाठ असलेल्या ओळी ते दोनदा विसरले.

पुरून झाल्यावर उमाईंगनं थांबण्याचा आग्रह केला. मी थांबले नाही. उजेड होता तोवर मला रस्ता गाठायचा होता. मी एकटीच बांधावरून वर निघाले. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. जे तुम्ही पन्नास-साठ वर्षं होऊ दिलं नाहीत ते आज झालं होतं, पुरं झालं होतं. आता तिची आई तिला परत पाठवणार नव्हती. चालता चालता मी मोठ्यानं आत्याशी बोललेसुद्धा. म्हटलं, पोचलीस की सांग.

वाटेत मला कोणी भेटलं नाही. धुक्यात माझ्याच पावलांचा आवाज तेवढा होता.

एल्पिदिओ जीपला टेकून सिगारेट ओढत होता. मला बघून त्यानं ती विझवली आणि माझ्या मागं-पुढं कोणी आहे का ते पाहिलं.

"त्या दोघी कुठं गेल्या?" त्यानं विचारलं.

"कोण दोघी?"

"तुमच्या पुढंच तर चालत होत्या, बाई. एक तरणी, एका डोळ्यात फूल पडलेलं, आणि एक म्हातारी, पांढऱ्या झग्यातली, उजवी बाही वर केलेली. तिचा हात ताजा गोंदलेला, सुजलेला. मला तर हसूच आलं, म्हातारी त्या तरणीला आई म्हणत होती. मी विचारलं, गाडीत येता का, बागिओची पाहुणी येतेच आहे मागून. तर ती तरणी वळून तुमच्याकडे बघत म्हणाली, ही कोण गं, तुझ्या मागं मागं येतेय, तुझ्याशी बोलतेय? म्हातारीनं तुमच्या हातांकडे बघितलं, लई वेळ बघितलं, आणि म्हणाली, ठाऊक नाही गं आई, आपल्यातली दिसत नाही."