मठ्ठ्याला हात कुणाचा

नागपुरात, लकडगंजच्या मंगल कार्यालयात मुग्धा वडाभाताच्या पंगतीला बसली, ती खरं तर दोन घास खाऊन उठणार होती. मैत्रिणीच्या लग्नात तोंड दाखवलं, झालं. पण तेवढ्यात मठ्ठा आला... आणि मठ्ठा वाढणारा आला.

"घ्या ना मॅडम आणखी. लाजून राहिल्या काहून?"

"लाजत नाहीये हो. पोटात जागाच नाही."

"मठ्ठ्याले जागा नाही लागत. तो आपली वाट काढते."

मुग्धाने हसून ग्लास पुढे केला. हा रोहित. नागपूरजवळच्या खापा गावच्या रुपरावांचा मुलगा, लग्नाच्या स्वयंपाकाचे ठेके घेणारा. पुदिना-कोथिंबीर मिक्सरमधून काढणं म्हणजे त्याला पाप वाटे. तळहातावर चोळून तो ती मठ्ठ्यात सोडी आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळी. त्या हातांकडे मुग्धा गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिली, हे आपण कुणाला सांगायला नको.

मठ्ठा आपली वाट कशी काढतो, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. उलट्या, जुलाब... बाई गं! अर्धी पंगत आडवी. कुणी म्हणे ऊन लागलं, कुणी म्हणे टँकरचं पाणी.

आता मुग्धाची नोकरीच विषाणूंच्या प्रयोगशाळेत. पोट बिघडवणाऱ्या याच विषाणूसाठी ती पेप्टाइड बनवत होती, म्हणजे प्रथिनाचा माणसाने घडवलेला इवलासा तुकडा, जो नेमका या विषाणूलाच जाऊन चिकटतो. तो कागदी पट्टीवर लावायचा. नमुन्यात विषाणू असला की लाल रेघ उमटते. तिने आधी स्वतःचाच नमुना तपासला. रेघ! टँकरचं पाणी तपासलं, कोरं. बाकीचं जेवण चुलीवरून उकळत आलेलं. उरला गार मठ्ठा... आणि ते हात.

बरं वाटताच ती खाप्याला गेली. कथेतले नायक पहिली भेट म्हणून गुलाब देतात. आमच्या रोहितने दिली झाकणाची डबी, वर्तमानपत्रात गुंडाळून, मान खाली घालून! नमुना कसला, ते समजून घ्या.

रेघ ठळक आली.

"पण मले त काहीच नाही झालं! साधं पोट नाही दुखलं."

"काहींना त्रास होत नाही. पण विषाणू पोटात असतो. हात साबणाने नीट धुतले नाहीत, की..."

"म्हणजे माह्या हातानं लोकं आजारी पडले?"

नाही म्हणावं असं तिला फार फार वाटलं. "हो," ती म्हणाली.

त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "वंदूचं, माह्या बहिणीचं लगन हाय पुढच्या महिन्यात. लहानपणापासून म्हणते, दादा, माह्या लग्नाचा मठ्ठा तूच करशीन."

"रेघ गेली तर कराल."

रोहितने हातातली कामं दुसऱ्यांना देऊन टाकली आणि तो डबी घेऊन नागपूरच्या प्रयोगशाळेत येऊ लागला. एकदा तिने त्याला चाळणी दाखवली. तोच पेप्टाइड चाळणीला लावला, तर पाण्यातला विषाणू तिथेच अडकेल, असा तिचा प्रयत्न चालला होता.

"म्हणजे हा पकडते बी, अन् अडवते बी?"

"पकडतो, हे नक्की. अडवून धरतो का, ते बघायचंय."

"मले त धरून राहिला तो..." रोहित हळूच म्हणाला. "नाही त पिठाची चाळणी पाहाले कोण येते इतक्या दुरून?"

"पिठाची नाहीये ती," मुग्धा म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

रेघ प्रत्येक खेपेला फिकट होत गेली. लग्नाच्या आदल्या दिवशी दोघं पट्टीवर वाकले. रेघ होती. अगदी पुसट... पण होती.

"हे दिसतच नाही राहिलं," रोहित म्हणाला. "नाही म्हणून टाका ना मॅडम. वंदूले काय सांगू मी? तुमी म्हटलं त मी मानीन."

मुग्धाने पट्टी खाली ठेवली. हा माणूस तिला मनापासून आवडू लागला होता, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे काही मागत होता.

"मला तुम्ही आवडता, रोहित," ती म्हणाली, "म्हणून तर खोटं नाही बोलणार."

रोहितने पाहिलं, आधी तिच्याकडे, मग पट्टीकडे. शेवटी त्याने विचारलं, "तुमची पट्टी कोरी हाय?"

"केव्हाचीच. का?"

"चाला मग खाप्याले. मठ्ठ्याले हात त लागतीनच कोणाचे तरी."

दुसऱ्या दिवशी खाप्याच्या मांडवामागे मुग्धाने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि ती कोथिंबीर चोळायला बसली. रोहित चार हात लांब, हात पाठीमागे बांधून उभा.

"चोळा... अशी नाही, जोरानं! कोथिंबीर हाय ते, तुमचा विषाणू नाही. घाबरून काहून राहिल्या?"

"तुम्ही बघत असता म्हणून."

पहिला ग्लास रुपरावांचा, हा त्या घरचा रिवाजच. एक घोट घेतला आणि ते थबकले. "रोहित, हा तुह्या हातचा नाही गा."

हळदीच्या अंगाने वंदूही दाराशी येऊन उभी राहिली होती. रोहितने तिच्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"नाही बाबा. पण... घरच्याच हातचा हाय."

मुग्धाचा हात मठ्ठ्यात तसाच राहिला. रुपरावांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. ग्लास सावकाश रिकामा केला.

"मंग मीठ जरासं आणखी टाकत जा वं पोरी."

रोहित मिठाचा डबा द्यायला झेपावला आणि आठवण होऊन जागीच थांबला. डबा मुग्धानेच उचलला.

"टाकत जाईन, बाबा," ती म्हणाली.